नावांची बेरीज करणारे गुरुजी

गुरुजींना कुणी आपलं नाव सांगितलं की त्यांची नजर आधी वर जायची. आढ्याकडे, आभाळाकडे, समोर असेल त्या झाडाच्या शेंड्याकडे. ओठ हलायचे नाहीत, बोटांची पेरं मोजली जायची नाहीत. नजर खाली आली की ते एक आकडा बोलायचे. मला बघायला ते वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावला आमच्या घरी आले, तेव्हाही असंच झालं. मी चहा ठेवला, मामाने माझं नाव सांगितलं, आणि शिक्षण, नोकरी, उंची काहीही विचारायच्या आधी हा पांढऱ्या केसांचा माणूस वरच्या पत्र्याकडे बघून म्हणाला, "वंदना. बारा. आमचा धाकटा विकासबी बाराच हाये." माझ्या आईला वाटलं, मुलीला बारावी पास समजून राहिले. ती घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, पोरीनं नर्सिंग केलंय." शेजारी बसलेले मिलिंद, म्हणजे आता माझे यजमान, मान खाली घालून पुटपुटले, "गुरुजी, इथी नका ना."

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावला आणि आसपासच्या शाळांत त्यांची शिक्षकाची सगळी नोकरी झाली. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून बायकोही गुरुजी म्हणायची आणि दोन्ही मुलंही. लग्न होऊन आले आणि मीही तेच म्हणू लागले. सासऱ्यांना दुसरं काही म्हणून हाक मारावी असं त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

आकड्यांची ही गोष्ट त्यांना उर्दू शाळेतल्या काझी सरांकडून मिळाली होती. ट्रकच्या मागे लिहिलेला, नोटांच्या नंबरात लोक शोधतात तो सातशे शहाऐंशी हा आकडा म्हणजे एका पवित्र वाक्यातल्या अक्षरांची बेरीज आहे, अलिफचा एक, बेचे दोन, असं प्रत्येक अक्षराला मोल आहे, हे काझी सरांनी एकदा एस.टी.ची वाट बघता बघता त्यांना समजावलं. गुरुजी घरी आले ते हरखूनच. "त्यांच्या अक्षरांले किंमत हाये, मंग आपल्या अक्षरांले काहून नाई?" पुढे एका जुन्या हेडमास्तरांनी त्यांना आपल्याकडची रीत सांगितली. क, ट, प आणि य यांचा एक. ख, ठ, फ, र यांचे दोन. असंच ओळीने पुढे जायचं. न म्हणजे शून्य. काना, मात्रा, अनुस्वार मोजायचे नाहीत आणि सुटे स्वरही नाहीत; जोडाक्षर फोडून मोजायचं. मूळ रीतीत बेरीज नव्हती म्हणे, पण गुरुजींनी बेरीज आणली, कारण त्यांना चौथीच्या पोरांना बेरीज शिकवायची होती.

त्यांच्या वर्गात मुळाक्षरं आणि हिशेब एकदमच पाठ व्हायचे. पोट्टे आपापल्या नावांच्या, बैलांच्या, मास्तरांच्या बेरजा करायचे. "आसेगाव चौदा आन् वाशीमबी चौदा," गुरुजी फळ्यासमोर उभे राहून सांगायचे. "सात, तीन, चार. चार, पाच, पाच. जिल्ह्याचं ठिकाण आन् आपलं गाव बरोबरीचं हाये. कोणी तुमाले खेड्यातला म्हटलं तं हे सांगजा." त्यांच्या हाताखाली शिकलेला बांधकामावरचा मिस्त्री एकदा आमच्या घरी आला होता. विटा मोजताना अजून मनात क ख ग येतात, म्हणाला.

भविष्य सांगणाऱ्यांचा मात्र त्यांना राग होता. आम्ही बौद्ध. गुरुजींच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घेतलेल्या प्रतिज्ञा गुरुजींना तोंडपाठ होत्या, आणि दर पौर्णिमेला विहारात ते अंगारे, धुपारे, मुहूर्त यांच्यावर बोलायचे. शिरपूरचा एक किराणा दुकानदार त्यांची कीर्ती ऐकून आला होता. दुकानाला कोणतं नाव लाभेल ते काढून द्या, म्हणत होता. गुरुजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "हे गणित हाये भाऊ, भविष्य नाई. दुकान चालवाचं असन तं माप बरोबर टाकजो." त्यांची सून असल्याचा मला अभिमान वाटला, असा तो दिवस होता.

विकास माझा धाकटा दीर. पोलीस भरतीची तयारी करायचा. रोज सकाळी पळून यायचा आणि घामेजलेल्या अंगाने स्वयंपाकघरात येऊन ताटलीतली पोळी उचलायचा. "वहिनी, तू बारा, मी बारा. या घरात आपलं वजन सारखं हाये. गुरुजी एकट्याले बोलले तं दुसऱ्यानं बाजू घ्याची," असा त्याने माझ्याशी करार केला होता. मी नव्या घरात रुळले ती त्याच्यामुळे.

गुरुजींची बहीण रिठदला दिली होती. दरवर्षी घरची तुरीची डाळ तिला जायची. त्या वर्षी डाळीची पिशवी बांधून दारात पडून होती. विकास म्हणाला, उद्या जातो. गुरुजी म्हणाले, "उद्या उद्या करून राह्यला चार दिवसांचा. आजच जाय." तो मोटरसायकल काढून गेला. येताना दिवस मावळत होता. रस्त्याच्या कडेला बिनलाइटची ट्रॉली उभी होती. मिलिंदला फोन आला आणि ते आणि गावातले चारजण गाडी करून गेले. मी आणि सासूबाई ओट्यावर बसलो. गुरुजी अंगणात उभे होते ते उभेच राहिले.

विकासच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुपारी मी गुरुजींना पाणी द्यायला गेले. ते भिंतीला टेकून खाली बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वंदना, विकास बारा. चार, एक, सात. रिठद बारा. दोन, दोन, आठ. मरण बारा. पाच, दोन, पाच." मी म्हटलं, "गुरुजी, पाणी घ्या." त्यांनी पेला घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला त्या क्षणी कळलं नाही. संध्याकाळी कळलं. जेवायला बोलवायला गेले तर ते मला "बाई" म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. मीही बारा होते.

मी मंगरूळपीरच्या एका दवाखान्यात परिचारिका होते. रोजची एस.टी. गुरुजी माझ्यासोबत फाट्यापर्यंत येऊ लागले. आधी वाटलं, दुःखात माणसाला चालणं बरं. मग ते बसच्या पाटीवरच्या गावाची बेरीज करू लागले. मी एखाद्या बसला हात करायला गेले की ते म्हणायचे, "हे राहू दे. मांगची घे." मागची यायची तेव्हा माझी वेळ टळलेली असायची. महिन्याच्या बारा तारखेला ते सकाळीच आजारी पडायचे. खोटं नाही, अंग खरंच तापायचं. मी थांबले की दुपारी उतार. मिलिंद कृषी केंद्रात कामाला होते. त्यांना सांगितलं तर म्हणायचे, "थोडे दिवस सांभाळून घे. त्याईचं लेकरू गेलं."

माझंही ते लेकरासारखंच होतं, पण हे कुणाला सांगायचं? गुरुजी एकदा तरी ओरडले असते तर मी भांडले असते. ते ओरडायचे नाहीत. मी घरी थांबले की संत्रं सोलून, त्याच्या शिरा काढून फोडी बशीत ठेवायचे. चहा स्वतः करून आणायचे. फाटकाची कडी लावून फाटकाशीच खुर्ची टाकून बसायचे. शेजारीण बोलवायला आली तर म्हणायचे, "बाई आराम करून राह्यली." मला दिवस गेल्यावर मी नोकरी सोडली. सगळ्यांनी त्याला बाळंतपणाचं कारण दिलं, मीही दिलं. पण फाटकाशी त्यांची पाठ दिसली की मी मागच्या अंगणात निघून जायचे. तिथे उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसायचे.

मुलगी झाली. गुरुजींनी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. मला वाटलं, आता हे घर उघडेल. विहारात नाव ठेवायचं ठरलं. मी प्रज्ञा म्हटलं. त्यांची नजर वर गेली. "अकरा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने हळूच, "अपघातबी अकरा." मिलिंदने करुणा सुचवलं. आठ. साप आठ. सासूबाईंच्या मनात संघमित्रा हे नाव होतं. चोवीस. दुष्काळ चोवीस. आर्या तीन, तर आगही तीन. बारा तर नकोच होते, पण आता प्रत्येक आकड्यामागे काहीतरी दबा धरून बसलेलं होतं. रोग पाच, शाप सहा, ताप सात, संकट नऊ, विष दहा. विहीर चौदा, म्हणजे ज्या गावाच्या चौदाचा त्यांना एवढा अभिमान होता, तेही गेलं.

विहारातला कार्यक्रम पुढे ढकलला, मग आणखी पुढे. लोक विचारायचे, आम्ही हसायचो. मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली. सासूबाई तिला चिमे म्हणायच्या, मिलिंद राणी, शेजारीण ठमी. गुरुजी काहीच म्हणायचे नाहीत. तिला बोलवायचं झालं तर टाळी वाजवायचे. अंगणवाडीच्या ताई दर खेपेला नाव मागायच्या आणि मी म्हणायचे, ठरतंय.

लसीकरणाला मी तिला माझ्याच जुन्या दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी गुरुजींना डोळा लागला होता. मी कडी काढून निघाले, सासूबाईंनी पाहिलं आणि मान वळवली. दवाखान्यात माझ्या सोबत काम केलेली सिस्टर बाहेर येऊन ओरडली, "बेबी ऑफ वंदना!" आणि माझी मुलगी वळली. एवढी गर्दी, एवढी रडणारी पोरं, आणि ती त्या हाकेला वळून बघून हसली. कितीतरी महिन्यांनी मी माझं नाव मोठ्या आवाजात ऐकत होते, आणि तिला तेवढंच नाव होतं. मला रडू आलं. सिस्टरला वाटलं, सुईची भीती.

घरी आले तर गुरुजी फाटकातच. तोंड पांढरं पडलेलं. "कुठी गेलती बाई? मले सांगून तं जाचं." सासूबाई ओट्यावर सुपात गहू निवडत होत्या. मी मुलीला खाली ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, जीवन किती?"

त्यांची नजर वर गेली नाही. मी त्यासाठीच थांबले होते, पण ती गेलीच नाही.

"बारा," ते म्हणाले.

"तुमाले मालूम होतं?"

"पह्यल्याच दिवशी करून पाह्यलं म्या. जीवन बारा. सुमनबी बारा. लय शब्द हायेत बाराचे."

"मंग कायले करता हे सगळं? मले कोंडलं, पोरीले नाव ठेवू देत नाई. तुमीच तं लोकाईले सांगत होते, हे भविष्य नाई म्हून."

ते खुर्चीवर बसले. "बाराचा दोष नाई म्हटलं, तं काय उरते?" ते म्हणाले. "तो उद्या जातो म्हणे. म्याच म्हटलं, आजच जाय. मंग एवढंच उरते ना."

मी त्यांना हरवायला म्हणून तो शब्द शोधून आणला होता, आणि तो त्यांच्याकडे आधीपासून होता. सुपाचा आवाज थांबला. सासूबाई फार कमी बोलायच्या. विकास गेल्यावर तर त्यांचा आवाज आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. त्या म्हणाल्या, "डाळ म्या बांधली होती."

गुरुजींनी मान वर केली.

"चार दिवस पिशवी दारात पडेल होती. ननंद काय म्हणन, म्हून मीच तुमच्या मांग लागली, धाडा धाडा. तुमी पोराले बोलले, पण तुमाले मी बोलली. तुमी एकटेच कायले घेऊन बसले ते? मले तं इचारलं बी नाई कधी."

गुरुजी उठून ओट्यावर गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. ते दोघं असे शेजारी बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मुलगी सुपातले गहू मुठीने उधळायला लागली, तरी कुणी तिला अडवलं नाही.

त्या आठवड्यात मी मिलिंदला सांगितलं, नाव मी ठेवणार आणि कुणाला विचारणार नाही. पौर्णिमेला विहारात मी तिला घेऊन उभी राहिले आणि भंतेजींना सांगितलं, "मैत्री." माझं सगळं लक्ष गुरुजींकडे होतं. त्यांची नजर वर गेली. मीही मनात हिशेब केला होता. पाच, सहा, दोन. तेरा. दंश म्हटलं तर तेरा होतात, आणि आमच्या भागात साप चावून दरवर्षी कुणीतरी जातंच. आता ते हाच शब्द बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार, अशी माझी खात्री होती. मुलगी निसटते की काय असं वाटून मी तिला आणखी घट्ट धरलं.

गुरुजींची नजर खाली आली. ती बराच वेळ मुलीवर राहिली. "तेरा," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "गुरुजीबी तेराच होते. तीन, दोन, आठ. माह्या बरोबरीची हाये पोरगी." लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली. त्या तेरात कोणकोण आहे ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यातला कोणता शब्द उचलायचा, ते त्या दिवशी त्यांनी ठरवलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. मी पुन्हा नोकरीला लागले, दुसऱ्या दवाखान्यात. गुरुजी फाट्यापर्यंत येतच राहिले. बसला हात करताना अडवायचे नाहीत, पण बस निघाली की तिच्या धुरळ्यात उभे राहून पाटीकडे बघायचे. बारा तारखेला अंग तापायचं, मी गेले तरी तापायचं. सासूबाई त्यांच्या उशाशी बसायच्या आणि मला हाताने खुणावायच्या, जा तू. मी जायचे. दिवसभर फोनकडे लक्ष असायचं. माझ्या मागे एक माणूस तापात पडला आहे, हे माहीत असताना लोकांचे ताप मोजत फिरणं सोपं नव्हतं. मैत्रीला त्यांनी अक्षरं शिकवली, छान शिकवली. अक्षरांची किंमत मात्र एकदाही सांगितली नाही. ती विचारायची, "आजोबा, तुमी वर काय पाह्यता?" ते म्हणायचे, "काई नाई व, जाळं झालं तिथी."

गुरुजी मागच्या पावसाळ्यात गेले. त्याआधी वर्षभर त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत गेली. आधी औषधाची वेळ, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. फाट्यावर जाणं आपोआप बंद झालं. घराचं फाटक आता दिवसभर उघडं राहायचं, फक्त ते स्वतः बाहेर पडू नयेत म्हणून कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं. बहुतेक वेळा मीच बसायचे, त्यांच्याच खुर्चीवर.

माझंही काही सुटलेलं नाही. दवाखान्यात नवी आई मुलाचं नाव सांगते, मी ते लिहून घेते आणि लिहिता लिहिता बेरीज होते. मी करत नाही, होते. चांगलं नाव आहे, असं मी प्रत्येकीला म्हणते.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक दुपार आहे. सुट्टीचा दिवस होता. गुरुजी खाटेवर बसून पेपर बघत होते. एकाएकी ते अस्वस्थ झाले, पानावर बोट आपटायला लागले. मी जवळ गेले. कुठल्याशा योजनेची जाहिरात होती, आणि त्यांचं बोट ज्या मोठ्या अक्षरांवर होतं तो शब्द होता, विकास.

"हे किती व?" त्यांनी विचारलं. "मले येत होतं. आता येऊन नाई राह्यलं."

त्यांना शब्द वाचता येत होता. तो कुणाचं नाव होता हे आठवत होतं की नाही, मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, गणित न आलेल्या पोराची असते तशी.

"व म्हंजे?" ते म्हणाले.

मी सांगायला नको होतं. इतकी वर्षं मी हेच मागत होते, की ही अक्षरं त्यांच्या डोक्यातून जावीत. पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "चार," मी म्हटलं.

"क?"

"एक."

"स?"

"सात."

त्यांनी नजर वर नेली. आढ्याकडे बघत राहिले. ओठ हलायला लागले, पूर्वी कधी हलले नव्हते. मग मान हलवली. "होऊन नाई राह्यलं. तू सांग. किती झाले?"

चौथीच्या वर्गात कुणी एका आकड्याने चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून बेरीज करायला लावणारे ते गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी तोंडाला आला तो आकडा सांगितला.

"वीस, गुरुजी."

त्यांनी माझा हात सोडला आणि पाठीवर थोपटलं, जसं फळ्यावर गणित सोडवून परत येणाऱ्या मुलाला थोपटतात.

"बरोबर," ते म्हणाले.